पोटरी काय धरून ठेवते

खुर्चीवर बसा. पावलं जमिनीवर सपाट, गुडघे काटकोनात. आता एक हात पोटरीच्या मागच्या फुगीर भागावर ठेवा आणि चवडा जमिनीला टेकलेला ठेवून टाच उचला. हाताखालचा फुगवटा फारसा ताठ होत नाही, नरमच राहतो. हात हळूहळू खाली न्या. जिथे पोटरी निमुळती व्हायला लागते तिथे, दोन्ही कडांना, काहीतरी आवळल्यासारखं लागेल. मग उभे राहा, भिंतीला हात टेका आणि गुडघा सरळ ठेवून तीच टाच पुन्हा उचला. या वेळी वरचा फुगवटाही कडक होतो.

टाच उचलण्याच्या एकाच कामासाठी शरीराने दोन स्नायू ठेवले आहेत, आणि गुडघा वाकलेला आहे की सरळ, यावर त्यांच्यातली कामाची वाटणी ठरते. वरचा, कातडीलगतचा, ज्याच्यामुळे पोटरीला तिचा आकार येतो, तो गॅस्ट्रोक्नेमियस. त्याच्या खाली दडलेला, रुंद आणि चपटा, तो सोलियस. शिल्पकार पहिला घडवतात. व्यायामशाळेतल्या आरशात दिसतो तोही पहिलाच. पण दिवसभराचं बरंचसं ओझं दुसरा वाहतो, आणि या प्रकरणात मला मुख्यतः त्याची बाजू मांडायची आहे.

गॅस्ट्रोक्नेमियसला दोन डोकी असतात. मांडीच्या हाडाचं खालचं टोक दोन गाठींमध्ये रुंदावतं. त्या गाठींच्या मागे, गुडघ्याच्या जरा वर, ही डोकी चिकटलेली असतात. गुडघ्यामागच्या लवणीत बोट घातलं तर खालच्या दोन कडांना जे लागतं ते हेच. आतलं डोकं मोठं असतं आणि खालपर्यंत उतरतं. म्हणून कुणी चवड्यांवर उभं असताना मागून पाहिलं, तर आतला फुगवटा बाहेरच्यापेक्षा खाली संपलेला दिसतो. हा स्नायू गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडून जातो. गुडघा वाकवला की त्याची दोन टोकं जवळ येतात, तो सैल पडतो, आणि सैल पडलेल्या स्नायूला जोर लावता येत नाही. सोलियसचं तसं नाही. तो नडगीच्या हाडाच्या मागच्या बाजूला आणि शेजारच्या बारीक हाडाच्या वरच्या भागाला लागलेला असतो, मांडीपर्यंत जातच नाही. त्याला फक्त घोटा ठाऊक. गुडघा कसाही असो, त्याची ताकद तेवढीच.

दोघांच्या मधून तिसरा एक स्नायू जातो, प्लँटॅरिस. लहानसा मांसल भाग आणि त्याच्यापुढे टाचेपर्यंत उतरणारी लांबलचक, बारीक कंडरा. शंभरातल्या सात ते दहा माणसांच्या पायात तो नसतोच, आणि नसल्याचं त्यांना कधी कळतही नाही. शल्यचिकित्सकांना मात्र त्याच्या कंडरेचा उपयोग होतो: दुसरीकडची, उदाहरणार्थ हाताची, खराब झालेली कंडरा बदलायला ती काढून वापरता येते.

गॅस्ट्रोक्नेमियस आणि सोलियस खाली एक होतात ते अकिलीस कंडरेत. टाचेच्या वर मागच्या बाजूला चिमटीत धरता येते ती ही. लांबी साधारण १५ सेंटीमीटर. शरीरातली सर्वांत जाड आणि सर्वांत मजबूत कंडरा. तिचे तंतू सरळ उतरत नाहीत, टाचेच्या हाडापर्यंत पोहोचताना जवळपास पाव फेरी पीळ घेतात.

आता सोलियसच्या ताकदीकडे येऊ. स्नायूचा जोर त्याच्या लांबीवर अवलंबून नसतो. एकमेकांशेजारी किती तंतू ओढायला उभे आहेत, म्हणजेच तंतूंच्या आडव्या छेदाचं एकूण क्षेत्रफळ किती, यावर तो ठरतो. सोलियसचे तंतू अवघे चार-साडेचार सेंटीमीटर लांब, पण तिरपे आणि दाटीवाटीने बसवलेले. विच्छेदनात मोजलं तर त्याचा असा छेद ५० चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरतो. गॅस्ट्रोक्नेमियसची दोन्ही डोकी मिळून ३० च्या जवळपास जातात. मांडीच्या एवढ्या मोठ्या स्नायूंमध्येही सोलियसइतका छेद एकाचाही नाही. याची किंमत म्हणजे आखूड तंतू फारसे आकसू शकत नाहीत. लांबवर ओढून आणणं हे या स्नायूचं काम नव्हेच. जागच्या जागी, प्रचंड जोर लावून धरून ठेवणं, यासाठी त्याची रचना आहे.

धरायचं काय, ते नुसतं उभं राहिलं तरी कळतं. शरीराच्या भाराची रेषा घोट्यातून सरळ खाली जात नाही, काही सेंटीमीटर पुढून जाते. त्यामुळे उभा माणूस सतत पुढे कलू पाहत असतो आणि त्याला मागून कोणीतरी ओढून धरावं लागतं. ते सोलियस करतो. बसच्या रांगेत, ओट्यासमोर, वर्गात फळ्यापुढे, माणूस स्वस्थ उभा असताना मांडीचे स्नायू बरेचसे विसावलेले असतात, सोलियस मात्र कामावर असतो. म्हणूनच त्याचे तंतू वेगळ्या जातीचे आहेत. स्नायूतंतूंचे ढोबळमानाने दोन प्रकार: झटकन आकसणारे पण लवकर थकणारे, आणि सावकाश आकसणारे पण तासन्‌तास न थकणारे. गॅस्ट्रोक्नेमियसमध्ये दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे असतात. सोलियसमध्ये पाचातले चार सावकाश जातीचे.

एका पायाच्या चवड्यावर उभं राहिलं की हिशेब बदलतो. घोट्यापासून चवडा साधारण १२ सेंटीमीटर पुढे, आणि कंडरा साधारण पाच सेंटीमीटर मागे. तरफेच्या नियमाने कंडरेला शरीराच्या वजनाच्या जवळपास अडीचपट ओढावं लागतं. ६० किलोच्या माणसाच्या एका टाचेमागे दीडशे किलोचा ताण. धावताना तो वजनाच्या सहा ते आठ पटींपर्यंत जातो. फिजिओथेरपीत निरोगी पोटरीचा एक जुना निकष आहे: गुडघा सरळ ठेवून एका पायावर सलग २५ वेळा टाच पूर्ण उचलता यावी. वय वाढतं तसा हा आकडा खाली येतो. तरी चाळिशी-पन्नाशीतल्या प्रत्येकाने, कठड्याला हात ठेवून, ही चाचणी एकदा करून पाहावी असं मला मनापासून वाटतं. पोटरी किती अशक्त झाली आहे हे चालताना जाणवत नाही, इथे लगेच दिसतं.

भार काढून घेतला की हा स्नायू किती झपाट्याने उतरतो, हे अंतराळवीरांच्या पायांवरून समजलं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात सहा महिने राहून आलेल्यांच्या पोटऱ्यांचं आकारमान, तिथे नेमाने व्यायाम करूनही, सरासरी १३ टक्क्यांनी घटलेलं आढळलं, आणि गॅस्ट्रोक्नेमियसपेक्षा सोलियस जास्त आटला होता. तिथे पुढे कलायला वजनच नाही, मग धरायचं कशाला? पाय प्लास्टरमध्ये राहिलेल्या माणसाची पोटरी बारीक होते ती याच कारणाने.

चालण्याबद्दल बहुतेकांची समजूत अशी असते की पोटरी प्रत्येक पावलाला आकसते आणि शरीराला पुढे ढकलते. विसाव्या शतकाच्या अखेरीला सोनोग्राफीने चालत्या माणसाच्या पोटरीतले तंतू प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. जपानचे तेत्सुओ फुकुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत वेगळंच दिसलं. पाऊल जमिनीवर असताना आणि शरीर त्याच्यावरून पुढे सरकत असताना, बराच वेळ पोटरीचे तंतू आपली लांबी जवळपास बदलतच नाहीत. ताणली जाते ती कंडरा. बेचकीने नेम धरताना एक हात दांडा घट्ट धरून ठेवतो आणि दुसरा रबर ओढतो. पोटरी हा दांडा धरणारा हात आहे, आणि रबर ओढण्याचं काम पुढे झुकणारं शरीर स्वतःच्या वजनाने करतं. टाच उचलली जाण्याच्या क्षणी कंडरा साठवलेली ऊर्जा परत देते आणि पाय पुढे जातो. स्नायूला लांबी कमी करायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून एकाच लांबीवर धरून ठेवायला कमी लागते. चालणं माणसाला स्वस्तात पडतं त्याचं एक मोठं कारण हे.

धावताना हा साठा आणखी वाढतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकनील अलेक्झांडर यांच्या गटाने १९८७ मध्ये हिशेब मांडला होता की ७० किलोचा माणूस मध्यम वेगाने धावत असेल, तर प्रत्येक पावलाला खर्ची पडून परत मिळवाव्या लागणाऱ्या सुमारे १०० ज्यूल ऊर्जेपैकी ३५ एकटी अकिलीस कंडरा साठवते, आणि १७ पावलाची कमान. चिंपांझीची कंडरा अगदी आखूड असते. त्याच्या पोटरीचं मांस जवळजवळ टाचेपर्यंत उतरतं. झाडावर चढायला ते सोयीचं आहे, पण लांब पल्ल्याच्या धावण्याला त्याचा उपयोग नाही. डेनिस ब्रँबल आणि डॅनियल लीबरमन यांनी २००४ मध्ये, माणसाचं शरीर दूरवर धावत राहण्यासाठी घडत गेलं असा जो सिद्धांत मांडला, त्याच्या पुराव्यांत या लांब कंडरेला मानाचं स्थान आहे.

याचा सर्वांत सुंदर पडताळा २०१५ मध्ये आला. अमेरिकेत स्टीव्ह कॉलिन्स आणि ग्रेग सॉविकी यांच्या गटाने पायात घालायचं एक हलकं साधन बनवलं. मोटर नाही, बॅटरी नाही; पोटरीच्या मागून टाचेकडे जाणारी एक स्प्रिंग आणि ती योग्य वेळी अडकवणारी-सोडणारी यांत्रिक कळ. पाऊल टेकलं की कळ अडकते, स्प्रिंग ताणली जाते. पाऊल उचललं की सुटते. पोटरीच्या धरून ठेवण्यातला थोडा वाटा स्प्रिंगने उचलला एवढंच. बाहेरून काहीही ऊर्जा न देता चालण्याचा खर्च सुमारे सात टक्क्यांनी कमी झाला. लक्षावधी वर्षांत घोटून निघालेल्या हालचालीत अजून सात टक्के वाचवायला जागा होती, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आळंदीहून पंढरपूरला पालखीबरोबर चालणारा वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर जातो. साठ सेंटीमीटरचं पाऊल धरलं तर चार लाखांहून अधिक पावलं, म्हणजे प्रत्येक पोटरीच्या वाट्याला दोन लाखांहून जास्त वेळा हे धरणं आणि सोडणं. सपाटीवर ते कंडरेच्या जिवावर निभतं. दिवे घाटाच्या चढाला मात्र शरीर वर उचलायचं असतं. तिथे साठवलेली ऊर्जा पुरत नाही आणि स्नायूंना खरोखर आकसावं लागतं. मुक्कामावर सेवेकरी तेल लावून वारकऱ्यांच्या पोटऱ्या रगडून देतात, ती सेवा नेमक्या जागी पोहोचते.

सोलियसची लांबी टिकवण्याचा एक जुना मार्ग आपल्याकडे होता: उकिडवं बसणं. टाच जमिनीला टेकवून उकिडवं बसायचं तर नडगी पावलाच्या दिशेने खूप पुढे झुकावी लागते. गुडघा पूर्ण वाकलेला असल्याने गॅस्ट्रोक्नेमियस सैल असतो, सगळा ताण सोलियसवर येतो. खुर्ची आणि कमोडच्या सवयीने हा रोजचा ताण सुटला, आणि आज अनेक तरुणांना टाच न उचलता उकिडवं बसताच येत नाही. उंच टाचांच्या चपलांचा परिणाम उलट दिशेने होतो: वर्षानुवर्षं त्या घालणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतले तंतू आखूड आणि कंडरा जास्त ताठर झालेली २०१० मधल्या एका अभ्यासात आढळली. अशांना एकदम सपाट चपला घातल्या की पोटरी ओढल्यासारखी दुखते.

पोटरीचं दुसरं मोठं काम हालचालीशी संबंधित नाहीच. उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरांमधल्या रक्ताला हृदयापर्यंत मीटरभराहून जास्त चढायचं असतं. त्या उंचीमुळे तिथला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या घरात जातो. हृदय रक्त खाली ढकलतं, पण खालून ओढून घेण्याची सोय त्याच्यापाशी नाही. ती सोय पोटरीत आहे. सोलियसच्या आत रुंद, पातळ भिंतींच्या शिरा आहेत. रक्त तिथे साचतं. पोटरीभोवती न ताणणाऱ्या ऊतीचं घट्ट वेष्टन असतं. स्नायू फुगला की त्याला बाहेर पसरता येत नाही, म्हणून तो आतल्या शिरा पिळतो आणि रक्त वर जातं. परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. चालू लागलं की काही पावलांतच घोट्याकडचा दाब ३० मिलिमीटरच्या खाली उतरतो.

या झडपांचं वर्णन इटलीतल्या पादुआ इथल्या फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये छापलं, पण त्यांना वाटलं की त्या पायांकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग रोखण्यासाठी आहेत. त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वी याने झडपा फक्त हृदयाच्या दिशेने उघडतात हे ओळखलं, आणि १६२८ च्या आपल्या ग्रंथात रक्ताभिसरणाच्या सिद्धतेसाठी तो पुरावा वापरला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतल्या १०७ मर्मांपैकी इंद्रबस्ती हे मर्म पोटरीच्या मध्यावर सांगितलं आहे, आणि तिथली जखम रक्तस्रावाने जीव घेते असं म्हटलं आहे. त्या जागी खोलवर एक मोठी धमनी आणि या रुंद शिरा आहेत, हे पाहिलं की त्या निरीक्षणाच्या नेमकेपणाला दाद द्यावीशी वाटते.

पोटरीचा हा पंप बंद पडला तर काय होतं, हे झेंडावंदनाच्या मैदानावर दिसतं. उन्हात बराच वेळ सावधानमध्ये उभी असलेली मुलं घेरी येऊन पडतात. पोटरीतले स्नायू धरून ठेवताहेत, पण पिळत नाहीत. रक्त पायांत उतरत राहतं आणि मेंदूला कमी पडतं. बुटातल्या बुटात बोटं दाबत राहिलं, टाचांवरचा भार थोडा पुढे-मागे केला, तर पंप चालू राहतो. न्हावी, परिचारिका, वाहतूक पोलीस, दुकानातले विक्रेते यांचं उभं राहणं रोजचं आणि वर्षानुवर्षांचं. झडपा कमकुवत झाल्या की कातडीखालच्या शिरा फुगून वाकड्यातिकड्या होतात, संध्याकाळी घोटे सुजतात, पुढे कातडी काळी पडून जखमा भरेनाशा होतात. अशा माणसांना कामाच्या मध्ये पाच मिनिटं चालू देणं हा मालकाचा उपकार नाही, तो त्यांच्या पायांचा हक्क आहे.

तुटण्याफुटण्याबद्दल. अकिलीस कंडरा बहुधा टाचेच्या वर दोन ते सहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात तुटते. तिथे रक्तपुरवठा तोकडा असतो. बळी पडतात ते बहुतेक तीस ते पन्नास वयाचे, आठवडाभर बैठं काम करून रविवारी बॅडमिंटन किंवा फुटबॉल खेळणारे पुरुष. मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटतं, वळून पाहावं तर मागे कोणी नसतं. २०१३ च्या एप्रिलमध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटची कंडरा सामना चालू असताना तुटली. तो रेषेपर्यंत चालत गेला, दोन्ही फ्री थ्रो टाकले, आणि मग मैदानाबाहेर गेला. हे शक्य झालं, कारण पाऊल खाली दाबणारे आणखी काही लहान स्नायू घोट्याच्या दोन्ही बाजूंनी उतरतात आणि ते शाबूत असतात. नेमकी हीच फसगत रुग्णांची होते: चालता येतंय, पाऊल हलतंय, म्हणजे मुरगळलं असेल. तपासणी अगदी सोपी आहे. रुग्णाला पालथं झोपवून पावलं खाटेच्या बाहेर ठेवायची आणि पोटरी हाताने दाबायची. कंडरा अखंड असेल तर पाऊल आपोआप खाली झुकतं. तुटली असेल तर हलत नाही. सिमंड्स यांनी १९५७ मध्ये आणि थॉम्पसन यांनी १९६२ मध्ये वर्णन केलेली ही चाचणी आजही तितकीच कामाची आहे.

गॅस्ट्रोक्नेमियसच्या आतल्या डोक्याचा खालचा काठ फाटणं ही दुसरी नेहमीची दुखापत. टेनिस खेळताना, धावत बस पकडताना, पायरी चुकून. पोटरीच्या मध्यावर कळ येते, दोन-चार दिवसांनी घोट्यापर्यंत काळंनिळं उतरतं. पूर्वी याचा दोष बिचाऱ्या प्लँटॅरिसला दिला जाई. ही दुखापत बहुतेकदा शस्त्रक्रियेविना बरी होते.

रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो तो मात्र जवळपास प्रत्येकाच्या ओळखीचा. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पोटरी आधीच आखडलेल्या अवस्थेत असते, आणि दिवसभर थकलेला स्नायू त्याच अवस्थेत घट्ट आवळला जातो. गरोदर बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना हा त्रास जास्त. उपाय ताणण्याचा, पण गुडघा वाकवून नव्हे: आवळतो तो बहुधा गॅस्ट्रोक्नेमियस, आणि गुडघा वाकवला तर तो ताणला जाणारच नाही. पाय सरळ करायचा आणि चवडा हाताने स्वतःकडे ओढायचा. हात पोहोचत नसेल तर उठून भिंतीला तळवे टेकायचे, दुखरा पाय मागे सरळ ठेवायचा, टाच जमिनीवर दाबायची. मिनिटभरात गोळा सुटतो.

गोळा सुटला की दुखणं कमी होतं, उरतो तो हलका ठणका. पण एकाच पायाची पोटरी दिवसचे दिवस दुखत असेल, दुसऱ्यापेक्षा सुजलेली आणि गरम लागत असेल, विशेषतः मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर, पाय प्लास्टरमध्ये असताना किंवा लांबच्या विमानप्रवासानंतर, तर ते दुखणं स्नायूचं नसून आतल्या शिरेत गोठलेल्या रक्ताच्या गुठळीचं असू शकतं. पंप थांबला होता, रक्त साचलं, गोठलं. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते, आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रुग्णालय गाठायला क्षणाचाही उशीर करू नये. आपल्या घरांत दुखऱ्या पोटरीवर पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. इथे तो जाऊ देऊ नका. आधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, त्यांनी सांगितल्यास डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या, आणि गुठळी नाही हे कळेपर्यंत त्या पायाला चोळू नका.